खालचा ओठ

आयव्हरच्या खालच्या ओठावर
मार्चमध्ये एक दाणा उगवला, मसुराएवढा.
त्याला वाटलं, कुंपणाची तार लागली असेल.
एप्रिल सरेपर्यंत दाण्याचा डोंगर,
मधोमध खळगा, खळग्यात शिंगासारखं काहीतरी कठीण,
आणि मी त्याच्या पुढ्यात चहा ठेवताना
दुसरीकडे बघायला शिकले.

साठ वर्षं मेंढ्यांमागे.
टोपीची कड कपाळ झाकते, अर्धं नाक,
ओठ उघडाच राहतो.
आमच्या ओटागोत सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो
आणि हवा इतकी निर्मळ की उन्हाला कुणी अडवतच नाही.
हिवाळाभर ज्याची वाट बघायची
तेच ऊन शेवटी अंगाशी आलं.

डनेडिनचे सर्जन सज्जन होते.
कागदावर ओठ काढला, ओठात पाचर.
एवढं कापू, कडा शिवू, तोंड जरा लहान होईल.
आयव्हरनं विचारलं, शीळ?
त्यांना ऐकू आलं नसावं.
किंवा आलं असावं.

परतीचे दोन तास तो बोलला नाही.
तसा एरवीही बोलत नाही.
लग्नाचं मीच विचारलं, त्यानं मान हलवली.
पण उतारावर, अर्ध्या मैलावरच्या मॉसशी बोलायला
त्याच्याकडे नऊ तऱ्हेच्या शिळा आहेत:
डावीकडे. उजवीकडे. बस. हळू.
मागे बघ, एक राहिली.
इतकं सविस्तर तो माझ्याशी कधी बोललेला नाही.

रॅनफर्लीला गुरुवारी येणारी डॉक्टर तुइलोमा म्हणाली,
दुसरी वाट आहे. सुई.
औषध थेट गाठीत, दर आठवड्याला.
तुकडा तपासलाय म्हणून सांगते,
सगळ्या गाठी ऐकत नाहीत.
नाही ऐकलं तर सुरी आहेच.
मला ती आवडली.

औषध पिवळंजर्द,
आमच्या बांधावर माजणाऱ्या काटेरी गॉर्सच्या फुलासारखं.
सुई एकदा नाही, चारी बाजूंनी शिरली.
आयव्हरनं माझी करंगळी धरली,
लोकांदेखत, पहिल्यांदाच.

ओठ सुजून भोपळा झाला.
मॉस फाटकाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राही.
मेंढ्या मी वळवल्या, बादली बडवून, ओरडून.
कुत्र्यानं मला खिजगणतीतही धरलं नाही.

मग काळी खपली.
चौथ्या सुईनंतर एका सकाळी
ती लापशीत पडली.
आम्ही दोघं वाडग्याकडे बघत बसलो.
मग मी वाडगंच फेकून दिलं.

खाली बाळाच्या टाचेसारखी कातडी
आणि एक बारीकशी खाच.
गेलं, असं डॉक्टर म्हणत नाही.
आत्ता दिसत नाही, म्हणते,
आणि पुढची तारीख लिहून देते.

ऑगस्टमध्ये तो घरामागच्या चढावर उभा राहिला,
ओठ ओले केले.
आली. खरखरीत, अर्धा सूर खाली, पण आली.
उजवीकडची होती.
मॉसनं कान टवकारले, क्षणभर थांबला,
आणि डावीकडे धावला.

अख्खा कळप माझ्या कोबीत.
आयव्हर हसला, तो ओठ ताणून, दुखत असूनही.
मग पुन्हा तीच शीळ,
पुन्हा, हळू, पिल्लाला शिकवावी तशी.
मी खिडकी बंद केली नाही.
थंडी आत येत होती, येऊ दिली.