उघाडी_१

महापे, पावणेतीन.
तुर्भ्याच्या शीतगृहाचं तापमान
अकरा बावन्नला उणे अठरावर थांबलंय.
म्हणजे नोंद थांबलीय.
मासळीला अजून काही कळलेलं नाही.

प्रोग्रॅम मेलेला नाही.
मेला असता तर बरं होतं,
मेलेल्याला उठवायची आज्ञा आहे माझ्याकडे.
हा नुसता बसलाय. प्रोसेसरवर शून्य टक्के,
चौदा थ्रेड, आणि चौदाही
कशाची तरी वाट बघतायत.

कर्नलच्या आत मला जाता येत नाही,
माझ्या लॉगिनला तेवढा मान नाही.
मी उंबऱ्याबाहेरून विचारते, लहानसं टूल हातात घेऊन:
यानं काय काय धरून ठेवलंय, दाखव.

फाइल. फाइल. बिननावाचा इव्हेंट.
बिननावाचा इव्हेंट.
सेमाफोर, शिल्लक शून्य.
आणि मग एक म्युटेक्स, नावासकट:
उघाडी_१.

असं नाव पुण्याचा माणूस देणार नाही.

पद्माकर मढवी, घणसोली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
तिसऱ्या रिंगला उचलला, जागेच होते.
मी म्हटलं, सर, तो इव्हेंट सुटलाय की अडलाय कळेना,
शून्य सेकंद वाट बघून पाहू का?

"फली उचलून बगू नको बाय,
पानी निंगून जातं."

मग सांगत राहिले. बाप खारबांधावर उघाडी राखायचा.
भरतीला झडप बंद, ओहोटीला मोकळी.
रात्री कंदील घेऊन जायचा
आणि फळीला नुसता तळवा टेकवायचा.
"हात लावला का दाब कलतो."

खरंय. हा इव्हेंट एकदाच सुटतो, एकालाच.
मी विचारलं की मीच घेतला,
आणि रांगेतला खरा गरजू तसाच उभा.

त्या बांधाचं काय झालं, मी विचारलं नाही.
तिथून माझी बस येते.

तळवा टेकवला.
हलवायचं काही नाही, फक्त वाचायचं.
उघाडी_१, मालक थ्रेड ६११२.
आणि ६११२ काय करतोय?
ज्याला मॉनिटरच जोडलेला नाही अशा पडद्यावर
एक चौकट उघडून बसलाय:
प्रिंटरमधला कागद संपला.
खाली एकच बटण. ठीक.
तीन तास झाले,
कुणीतरी ठीक म्हणेल म्हणून.

बटण दाबायची परवानगी मला नाही.
त्याला संपवायची आहे.
गंमतच.

संपवला.
कुलूप रांगेतल्या पुढच्याच्या हातात गेलं,
सोबत सिस्टिमचा एका ओळीचा निरोप:
आधीचा मालक न सोडता गेला,
आत काय कसं आहे, तपासून घे.

तीन वाजून चार मिनिटं. उणे सतरा पूर्णांक सहा.
तीन वाजून पाच. उणे सतरा पूर्णांक सात.

फोन चालूच होता.
"उतरलं का पानी?"
उतरलं, सर.
"मंग आदी तो कागद घाल."