मालगाडी जाईपर्यंत

दोघं जण आले होते पुण्याहून, मोठ्या गाडीतून.
गाडी बोळात शिरेना,
म्हणून सतारवाल्यांच्या दुकानांपाशी लावून चालत आले.
एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात फोन.
म्हणाले, आरगकरबुवांच्या मागं
सत्तावीस वर्षं तुम्ही तंबोऱ्यावर बसलात,
तर सांगा, बुवांच्या आयुष्यात दुःख काय होतं?

मी खूप आठवून पाहिलं.
म्हटलं, पित्त.
वहीवाल्यानं लिहून घेतलं नाही.

मग मला ठाऊक होतं ते सांगत गेलो.
बुवा पालीला घाबरत.
बिदागीचं पाकीट मैफलीत उघडत नसत,
घरी आल्यावर दोनदा मोजत.
रुमालाला इस्त्री स्वतः करत, घरातलं बाकी काही नाही.
आणि पहाटेच्या रियाझाला बसलं की
मिरज स्टेशनाकडून चार-वीसची मालगाडी यायची.
बुवा षड्ज अर्ध्यात सोडून हात वर करायचे,
डबे मोजायचे, ओठांतल्या ओठांत.
शेवटचा डबा गेला की खाकरायचे,
आणि सोडला होता तिथूनच सूर उचलायचे,
देवळातून बाहेर येऊन
न बघता आपल्याच चपलांत पाय घालावेत तसा.

त्यांनी चहा घेतला. काकूंचा फोटो मागून नेला.
अजून परत दिलेला नाही.

सिनेमा लागला तेव्हा नातीनं सांगलीची तिकिटं काढली.

पडद्यावर बुवा धो धो पावसात उभे राहून गातात.
(मफलरशिवाय नळावर जात नसत.)
पडद्यावर बुवा भिंतीवर बाटली फोडतात.
शिकण्याची चौदा वर्षं एका गाण्यात उरकतात,
तेवढ्यात धोतराला जरीचा काठ येतो.
पडद्यावर काकू ऐन मैफलीत जातात.
निरोप्या कानाशी लागतो, बुवा डोळे मिटतात,
भैरवी सुरू होते,
आणि माझ्या शेजारची बाई ओढणीत तोंड खुपसून रडते.

काकू बुवांच्या मागं अकरा वर्षं होत्या.
तांदूळ निवडता निवडता आतून विचारायच्या,
"आज गंधाराला बरं नाही का हो?"
बुवा तोंड वाकडं करायचे
आणि तंबोरा पुन्हा लावायला मला सांगायचे.

गळा मुंबईच्या कुणा मुलाचा.
चांगला आहे, खोटं कशाला बोलू.
फारच चांगला. कुठंच खाकरत नाही.

मी होतो का? होतो.
बुवांच्या डाव्या खांद्यामागं एक धूसर माणूस,
मिशीवाला. मी मिशी कधी ठेवलीच नाही.
तबल्याच्या ठेक्यावर तंबोरा छेडत होता बिचारा,
कुणी सांगितलं नसणार त्याला.

मध्यंतरात नात म्हणाली, आजोबा, खरंच असं झालं होतं?
मी म्हटलं, मक्याच्या लाह्या संपव.

पण शेवटाकडं एक जागा आहे.
गाणं सुरू होण्याआधी तो नट मान वळवून मागं बघतो.
जरासंच. "आहेस ना?" एवढंच.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
वहीत नव्हतं, फोनमध्ये नव्हतं,
बायकोलाही माहीत नव्हतं.
पोरगं वाक्य विसरलं असेल,
मागं उभ्या कुणाकडं तरी बघितलं असेल.
काही असो. अंधार होता ते बरं झालं.

आता अडचण निराळीच झालीय.
बुवांना आठवायला गेलो की
तो देखणा पोरगाच येतो, निथळत.
कॅसेट लावावी तर ती घरघरते.
भिंतीवरल्या फोटोकडं बघून पणतू म्हणतो,
हे त्यांच्यासारखे दिसत नाहीत.

म्हणून पहाटे उठतो.
बाबालालच्या नातवाकडून जवारी काढून आणलीय.
पंचम उतरलेला असतो, मणी सरकवतो.
तेवढ्यात चार-वीसची येते,
आता विजेवरची, पूर्वीइतकी धडधडत नाही,
तरी माझा हात वर जातो.
मी डबे मोजतो.
चाळिसाव्या डब्यापर्यंत तो पोरगाच बसलेला असतो समोर.
मग केव्हातरी
कुणीतरी खाकरतं.