सहाचं पोट

"सगळं मूळचं," असं लिहिलंय विकणाऱ्यानं.
लील गावचा कुणी तरुण. फोटो चौदा,
त्यांतले नऊ एकाच बाजूनं काढलेले.
दुखऱ्या जागी कुणी कॅमेरा नेत नाही.

चष्म्यावर भिंग चढवून मी पडद्याला नाक लावते.
केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजल्यात,
दोनदा तरी पॉलिश झालंय, कदाचित तीनदा.
चावीचं बोंड दुसऱ्याच घड्याळाचं,
उसन्या टोपीसारखं जरा मोठं.
काटे पिवळे पडलेत, आकडे मात्र अजून हिरवट;
एका घरात एकाच दिवशी जन्मलेले
असे वेगवेगळे म्हातारे होत नाहीत.

आणि तबकडी.
छापलेलं अक्षर काठाशी सरळ तुटतं.
हातानं काढलेलं शेवटी फुगतं,
शाई थांबायचं नाव घेत नाही म्हणून.
इथे सहाचं पोट सुटलंय, डावीकडे,
अगदी केसभर.

मी खुर्चीत मागे टेकले.
कॉफी गार झाली ते नंतर कळलं.

चौऱ्याहत्तर साली बात्ताँच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीखाली आम्ही चौघी बसायचो
काळवंडलेल्या तबकड्या नव्यानं रंगवत.
तीन केसांचा ब्रश. श्वास रोखला की एक आकडा.
मस्यू पेर्नो म्हणायचे,
गिऱ्हाइकाला वेळ दिसली पाहिजे, तुमचा हात नव्हे.
वेळ मारून नेणं हाच आमचा धंदा होता
आणि तो आम्ही इमानानं केला.
माझा सहा पोट सोडतो म्हणून बाकीच्या हसायच्या,
तेव्हा मलाही सहावाच होता.
पण जिनेतचाही सुटायचा,
आणि तिला तर कुठलाच महिना नव्हता.

मग मी त्या मुलाला लिहिलं,
तबकडी रंगवलेली आहे, तसं नमूद करा.
त्याचं उत्तर आलं:
मादाम ग्रोपेराँ, माझ्या आजोबांनी हे घड्याळ
आयुष्यात उघडलं नाही.
पण प्रश्न सगळ्यांना दिसतो तिथे.
तासाभरात जाणकार उठून गेले
वाढदिवसाच्या जेवणात केस निघाल्यासारखे.
बोली एकशे चाळीसवर अडली ती अडलीच.
शेवटची अकरा सेकंदं मी एकटीच होते.

हा खरेपणा होता की कावा
ते मी स्वतःला अजून विचारते.
पन्नास वर्षांपूर्वी जे लपवायचे पैसे घेतले
ते उघड करून स्वस्तात घेतलं.

घड्याळ आलं, जुन्या मोज्यात गुंडाळलेलं.
मागचं झाकण फिरवलं. आत सुईनं कोरलेल्या
दुरुस्त्यांच्या तारखा, एकीखाली एक,
त्यांत आमच्याच दुकानाचा 'पे' आणि अकरा, चौऱ्याहत्तर.
म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी.
तबकडीच्या पाठीवर आम्ही टिंब देत असू,
मी एक, जिनेत दोन.
त्यासाठी काटे उपसावे लागतील, यंत्र बाहेर काढावं लागेल,
आणि माझी बोटं आता
सूपचा चमचासुद्धा भरलेला नेत नाहीत.
जिनेतला विचारलं असतं.
तिच्या दगडावर गेल्या पावसाळ्यापासून शेवाळ आहे.

रात्री दिवा मालवून पाहिला.
एकही आकडा उजळला नाही.
नुसती टिकटिक, दिवसाला सात मिनिटं मागे पडणारी.

सिल्वेनचा फोन येतो. नोव्हेंबरात पोटात होती तीच.
विचारते, मग? खरं निघालं का, आई?
एका कानाला फोन, दुसऱ्याला घड्याळ.
थांब जरा, मी म्हणते, ऐकतेय.