दर ओळीला एक श्री

रामबागेतलं आमचं घर उंच आणि चिंचोळं.
तळाला भालूकाका, मध्ये भाडेकरू,
तिसऱ्या मजल्यावर मी, दोन स्क्रीन, एक कुरकुरता पंखा.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून काका चिठ्ठ्या लिहितात.
चिठ्ठी परडीत, दोरीला दोन हिसके,
वर माझ्या खिडकीत घंटी. मी परडी ओढून घेते.
आमच्या धंद्यात याला अपलिंक म्हणतात:
खालचा, बेताच्या ताकदीचा, वरच्याला काही सांगू पाहतो.

ताकदीचं एक वेळ चालतं.
घोळ करतो तो हात.
छत्तीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधलेला कंपाउंडरचा हात
पेन्सिल टेकली की डोलतो,
सकाळी एका बाजूला, गोळी घेतल्यावर दुसऱ्या.
फोनच्या पोटातलं घड्याळही असंच डोलतं;
लहरी जितक्या बारीक, तितकं ते डोलणं नजरेत भरतं.
अक्षर पुसलं जात नाही. फिरतं.
एकाच्या घरात दुसरं जाऊन बसतं.

मार्चमध्ये चिठ्ठी आली: "जीवन संपलं."
मी अनवाणी तीन जिने उतरले.
काका पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसलेले,
जीरावनची रिकामी बाटली माझ्यापुढे धरून,
कपाळावर आठ्या: एवढ्यासाठी धावत?
'रा' वाकता वाकता 'व'ला जाऊन चिकटला होता.

त्या दिवशी ठरलं, दर ओळीला एक श्री.
माथ्यावर असतो तो असू दे, हा ओळीच्या पोटात.
श्री कसा असतो ते त्यांना ठाऊक, मला ठाऊक.
त्यात बातमी काही नाही, म्हणूनच तो कामाचा.
श्री जितका कलला
तितकी चिठ्ठी उलट कलवायची,
आणि वाचायचं.

काका पुडीच्या कागदावर हिशेब करत म्हातारे झालेले.
त्यांनी लिहिलं: "तुझ्या श्रीपायी श्री दुधाचा हिशेब श्री मावत नाही."
खरंच होतं. प्रत्येक श्री एका शब्दाची जागा खातो.
मग घासाघीस.
"दिवे गेले", "नळ आला" असल्या ढोबळ मजकुराला एकच पुरे;
औषधांची नावं, पैशांचे आकडे आले
की दोन शब्दांमागे एक.
डाव्या हाताने लिहून पाहिलं, तर त्याची थरथर निराळी,
त्याला त्याचा वेगळा श्री द्यावा लागला.

रात्रीच्या मीटिंगमध्ये नौशाद विचारतो,
इतके रेफरन्स सिग्नल कशाला, डेटाची जागा जाते.
मी म्हणते, जाऊ दे.
जीरावनचं त्याला सांगत नाही.
आलेख दाखवते.

काल घंटी वाजली. चिठ्ठीवर श्री, श्री, श्री, श्री.
मजकूर काहीच नाही.
उलटून पाहिलं: दुकानाची जुनी पावती,
खोकल्याचं औषध, साडेतीन रुपये.
पहिला श्री डावीकडे, दुसरा त्याहून,
तिसरा जवळजवळ ताठ,
चौथ्याची वेलांटी कागदाबाहेर निघालेली.
बराच वेळ मी त्या चौघांना धरून
काय सरळ करायचं ते शोधत राहिले.

मग पंखा बंद केला. या वेळी चप्पल घातली.
खाली ते पेन्सिलीला टोक काढत होते,
सालं मलमाच्या पत्र्याच्या डबीत.
मला पाहून चिठ्ठीकडे बोट केलं,
भुवया वर: किती?

"परवापेक्षा जास्त," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. की ती आपली हलली.
मानेसाठी आमचं
अजून काही ठरलेलं नाही.