धाव

अजनीच्या यार्डात एकतीस वर्षं
मी चाकं ठोकत हिंडलो.
हातोडी लहान, दांडा लांब.
धड चाक टणकन बोलतं,
तडा गेलेलं, बद्द.
सरकारी कागदावर त्यांना वाघिणी म्हणत,
आमच्या तोंडी डबेच.
आत कोळसा आहे, गहू आहे की नुसता वारा
हे विचारायचं माझं काम नव्हतं.

ऐकायला बापानं शिकवलं.
गड्डीगोदामात डोमाजी सुताराचा ठिय्या,
बाभळीचे आरे, गोवऱ्यांचा जाळ,
जाळात लाल झालेली धाव.
चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवली
की लगेच पाणी.
चर्र होऊन धुरानं सारी गल्ली खोकायची.
"लोखंड आकसलं का लाकडाले सोडत नाही," म्हणे,
"मंग ऐक, कसं बोलते ते."

रेंगी म्हणजे नखरा, पाहुण्यारावळ्यांची.
बंडीला कशाचंच वावडं नाही.
तट्ट्या लावल्या की काटोलची संत्री,
उतरताना शेणखत.
तट्ट्या काढून गादी टाकली की नवरी.
एकदा गादी नव्हतीच, तणसावर मधुकोरआत्या,
मांडीचं हाड मोडलेली.
मेयोपर्यंतच्या एकेका खड्ड्याला
ती माझ्या बापाचं नाव घेऊन शिव्या देत गेली.

यार्डात आमचं बोलणं खडूचं.
नादुरुस्त डब्यावर लिहायचं: सिक.
एका पावसाळ्यात बडनेऱ्याहून आलेल्या डब्यावर
कुणीतरी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं,
"डावीकडचं तिसरं. मला शंका आहे. तुम्ही ऐका."
ऐकलं. बद्द.
मी खाली लिहिलं, "बरोबर."
डबा दुरुस्त होऊन भलतीकडेच गेला.
ते उत्तर त्यानं कधी वाचलं का, कोण जाणे.

परवा वर्धा रोडच्या लॉनवर साळ्याच्या पोरीचं लग्न.
मे महिना, दारात सजवलेली बंडी,
तिच्यात प्लास्टिकची झेंडूची फुलं,
पोरं चढून फोटो काढत होती.
मी तुंब्यावरच्या खाचा मोजल्या. चार.
बाप तीनच पाडायचा.
म्हणजे दुसऱ्या कुणाची.
तरी बोटातल्या अंगठीनं चाक ठोकलं.
धाव ढिली, आत खुळखुळ.

मॅनेजरला म्हटलं, "लाकूड सुकलंय,
चाकं रातभर पाण्यात उभी ठेवा."
तो हसला. "काका, हिले कुठं जायचं आहे?"

खरं होतं.
मी पंगतीत गेलो, वडाभात खाल्ला,
येताना पाण्याची अर्धी बाटली उरली होती.
कुणी बघत नाही असं पाहून
चाकावर ओतली, आऱ्यांच्या मुळाशी.
लाकूड पाणी पीत राहिलं.
शेवटचा थेंब जाईस्तोवर
मी कान लावून उभा.