बर्फ

जुलैत मस्कतला थंड नळाला कढत पाणी येतं,
आणि गिझर बंद ठेवला तर त्यातलं थंड.
नव्यानं आलेल्या बायकांना मी आधी हे सांगते,
वचन नंतर.

मंडळीत मी पाळकीणबाई.
रेसिडेंट कार्डावर गृहिणी.
इंदुमती फक्त आईच्या फोनात, रविवारी,
जो इथे कामाचा वार.

हॉल आम्हाला शुक्रवारी सव्वानऊ ते अकरा.
आधी तमिळ, नंतर फिलिपिनो.
खुर्च्या ऊनऊन मिळतात, ऊनऊनच सोडून उठतो.
अकराला पाच कमी असताना
दाराबाहेर कुणीतरी गिटार जुळवायला घेतं
आणि रणपिसे पास्टर, म्हणजे आमचे हे,
शास्त्रभाग अर्ध्यावर मिटतात.

मग चहा. शंभर कप, आलं ठेचून.
साखर कुणाची डॉक्टरनं बंद केली
आणि पगार कुणाचा मालकानं,
कप घेणाऱ्या हातावरून कळतं.

सोहारच्या परातीवरून पडला त्या पोराची पत्र्याची पेटी
सहा दिवस आमच्या पलंगाखाली होती.
दाढीचं सामान, एक कोरी साडी, पावतीसकट.
त्या सहा रात्री मी गुडघे टेकले नाहीत.
पेटीच्या वर पडून राहिले
आणि एवढंच म्हटलं,
आहेस ना? मग बघ हे.
मी म्हणते, ती प्रार्थना नव्हती.
हे म्हणतात, तीच होती.
आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

परवाच्या शुक्रवारी सालोमी ओहोळचा बाप्तिस्मा.
सीबला एका म्हातारीचं सगळं करते ती.
दोन महिन्यांत एकदा सुट्टी, मोजून तीन तास.
जाफराबादला पाळक यायचे तेव्हा नदीला पाणी नसायचं,
पाणी यायचं तेव्हा पाळक नसायचे,
म्हणून राहून गेलं, म्हणाली.

आमची टाकी म्हणजे मुलांचा फुगवायचा हौद,
निळा, कडेनं डॉल्फिन.
आम्ही बुडवणारी माणसं, शिंपडण्यावर आमचं भागत नाही.
पण पाणी पोळत होतं.
म्हणून पहाटेच मत्राच्या मासळीबाजारात गेले.
मासे नकोत, नुसता बर्फ द्या.
बर्फवाल्या बाबानं विचारलं, कशाला?
बाप्तिस्म्याला अरबीत काय म्हणतात, मला कुठं माहीत.
म्हटलं, गुसल.
त्याचा हात थांबला.
घरातलं कोण गेलं, बेटी?
नाही, म्हणणार होते.
पण आम्ही तरी दुसरं काय करतो,
जुनं माणूस पाण्यात पुरतो आणि हात देऊन वर काढतो.
मी गप्प राहिले.
त्यानं काहीतरी पुटपुटत दोन लाद्या जास्त ठेवल्या,
आणि पैसे घेईना.

हॉलवर यांची कंबर धरली.
हौदाकाठच्या खुर्चीत बसले, घामानं डबडबलेले.
सालोमीकडे उरलेला पाऊण तास.
दारात गिटार आली.
यांनी माझ्याकडे पाहिलं. डीकन खरातांनी छताकडे.
मी चपला काढल्या.

शब्द यांचे. हात माझे.
सालोमी जड नव्हती, घाबरलेली होती,
माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी वाकली.
पाण्याखाली तिचे डोळे उघडेच होते.
वर आली ती खोकत, हसत,
केसांत कुठल्याशा माशाचा खवला,
तो मी काढला नाही, चमकत होता.

वहीत बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव:
पा. शांतवन रणपिसे.
खरातांनी लिहिलं, मी शाई वाळेपर्यंत धरून उभी राहिले.

इथल्या उन्हात साडी दहा मिनिटांत वाळते.
मासळीचा वास तेवढा राहिला.

फसवून आणलेल्या बर्फाचे दोन रियाल
टेबलाच्या खणात आहेत, घडी करून.
रोज म्हणते, आज नेऊन देईन.
तो विचारेल, कोण गेलं होतं?
काय सांगायचं, ते अजून जुळवतेय.