खालून तिसरी

धक्क्याची खालून तिसरी पायरी तुटकी आहे
हे पूर्णगडात पोरं बोलायच्या आधी शिकतात.
बारा वर्षांत मी सात अर्ज केले,
चार बंदर खात्याला, तीन ग्रामपंचायतीला.
पोचपावत्या फायलीत आहेत, वाळवीसकट.

आश्विनात रत्नागिरीच्या डॉक्टरांनी
फिल्म उजेडाला धरली, खाली ठेवली,
आणि निर्मलाकडे बघत मला म्हणाले,
शिमगा होईल. आंब्यांचं सांगता येत नाही.

परतताना एसटीत मी हिशेब मांडला.
पडवीचा पत्रा: राहू दे.
भावाशी बांधाचा दावा: एका रातांब्याची सावली,
त्याला लखलाभ.
गीता अठराव्या अध्यायापर्यंत वाचायची:
ती माझ्यावाचून अडलेली नाही.
भाट्ये, गोळप, पावस,
एकेक काम उतरत गेलं,
आणि पूर्णगडला माझ्याबरोबर उतरली
फक्त पायरी.

निर्मला म्हणाली, लोक काशीला जातात
आणि तुम्ही धक्क्यावर?
मग तिनंच जुनं घमेलं शोधून दिलं.

ओहोटीला ती पायरी सगळ्यांनाच दिसते,
पण कोरडी होते अमावास्येच्या पहाटे, जेमतेम तीन तास.
तेवढ्यात शेवाळ खरवडायचं, भरायचं, सुकू द्यायचं.
कार्तिकात घातलेलं सिमेंट
भरतीनं चाटून नेलं, मांजरानं साय न्यावी तसं.
दाऊद होडेकर होडीच्या तळाला डांबर फासत होता.
तिथूनच म्हणाला, भाऊ, पाण्याशी घाई नको.
चिरा आणा.

मार्गशीर्षात आम्ही दोघांनी जांभा घडवला.
म्हणजे घडवला त्यानं,
मी बॅटरी धरून बसलो, धाप लागेपर्यंत.
आत्ताच का, असं त्यानं विचारलं नाही.
दोनदा मात्र माझ्या हातातली बॅटरी
न बोलता दगडावर टेकवून ठेवली.
चिरा बसला तेव्हा खट्ट वाजलं.
एकतीस वर्षं कारकुनी केली,
असा आवाज कुठल्या शिक्क्याचा आला नव्हता.

आता पौष. मी कठड्याला टेकून बघत बसतो.
पार्वती डोर्लेकर पाटी घेऊन चढते
दुसरीवरून थेट चौथीवर.
मागून सून, तशीच. खलाशी, तसेच.
काल तर माझाही पाय
सवयीनं पलीकडे पडला,
आणि मी एकटाच हसलो, छाती दुखेपर्यंत.

ओहोटी लागलीय.
चिऱ्यावर एक खेकडा येऊन बसलाय,
घरपट्टी भरल्यासारखा.